चोर कोण ते सांगू नका, पुस्तक कसंय ते सांगा

मुलांच्या रहस्य कादंबऱ्यांवर रिव्ह्यू लिहिताना काय अडचणी येतात ते कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रं आणि मेल मिळून एवढा ढीग आलाय की सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाहीये. गंमत म्हणजे बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडकलीय. पुस्तक एकटं नाही, चालू सिरीजमधलं चौथं नाहीतर सातवं आहे, पुढचं अजून यायचंय, मग सांगायचं किती आणि लपवायचं किती. सारखे प्रश्न मी एकत्र केलेत, कुणाला आपलं वाक्य दुसऱ्याच्या प्रश्नात सापडलं तर रागावू नका.

प्रश्न : ताई, मी एका सिरीजच्या पाचव्या भागाचा रिव्ह्यू लिहिला. त्यातला चोर कोण ते अजिबात फोडलं नाही, तरी एका वाचकाने जाम सुनावलं की तुम्ही तिसरा भाग वाया घालवलात. आता तिसरा भाग येऊन किती काळ झाला, त्याचंही गुपित मीच सांभाळत बसायचं का?

हो, तुम्हीच. मोठ्यांच्या पुस्तकाला एक वेळ म्हणता येईल की जुनं झालं, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचलं असेल. मुलांच्या सिरीजचं तसं नसतं हो, तिथे दरवर्षी नवी आठ-नऊ वर्षांची मुलं येतात आणि त्यांच्यासाठी पहिला भागसुद्धा आजच छापलेला असतो. शिवाय मुलं क्रमाने वाचतच नाहीत, हाताला पाचवा लागला की पाचवा, तो आवडला की मग दुसरा, कुणी दिला तर तिसरा. म्हणजे तुमचा रिव्ह्यू वाचणारं पोर कुठल्या भागावर उभं आहे ते तुम्हाला कधीच माहीत नसतं.

आणि फुटतं कसं ते बघा, कारण सरळ नाव घेऊन कुणीच फोडत नाही. समजा तिसऱ्या भागात शाळेच्या संग्रहालयातली तलवार ग्रंथपाल बाईंनी पळवली होती. आता पाचव्या भागाच्या रिव्ह्यूत तुम्ही लिहिलं, "ग्रंथपाल बाई परत येतात आणि मुलांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही." झालं! दहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य पुरतं, तिसरा भाग उघडल्या उघडल्या ते बाईंकडेच बघत बसणार. "जुन्या शत्रूशी पुन्हा गाठ" हे जरा बरं, पण तिसऱ्या भागात संशयित मोजून चारच असतील तर तेही फार सुरक्षित नाही. मी असती तर लिहिलं असतं, "आधीच्या एका भागातलं पात्र परत येतं आणि त्यावरून मुलांच्या टीममध्येच भांडण लागतं." भांडण हा या भागाचा मामला आहे, त्याबद्दल हवं तेवढं लिहा.

याची उलटी बाजू बहुतेक जण विसरतात. "गेल्या वेळी ज्याच्यावर उगाच संशय घेतला होता तो बिचारा माळी" असं लिहिलंत की तुम्ही चोराचं नाव नाही सांगितलं, पण माळ्याला निर्दोष सोडून दिलंत, आणि तिसऱ्या भागातला अर्धा सस्पेन्स त्या माळ्याच्या जिवावर उभा होता. निर्दोष कोण हे सांगणं हासुद्धा स्पॉयलरच.

आता एक वेगळी केस. कधी कधी लेखकच पहिल्या चॅप्टरमध्ये मागचं सगळं उगाळतो, कोणी चोरलं, का चोरलं, कसं पकडलं. मग तुम्ही एकट्याने तोंड बंद ठेवून काय उपयोग? तिथे स्वच्छ लिहून टाका की "हा भाग आधी वाचलात तर तिसऱ्याचं उत्तर दहाव्या पानाच्या आत कळेल, तेव्हा तिसरा आधी वाचा." खरं सांगायचं तर चालू सिरीजच्या रिव्ह्यूत हे एक वाक्य मला बाकी सगळ्या कौतुकापेक्षा जास्त कामाचं वाटतं, आणि नेमकं तेच नसतं. इथून सुरुवात केली तर चालेल का, का आधीचं वाचायलाच हवं, एवढं तरी सांगाच. "वाचलं नसेल तरी मजा येईल, फक्त आजोबा आणि नात का बोलत नाहीत ते नीट कळणार नाही" असं नेमकं सांगितलंत तर फारच छान.

प्रश्न : मला चाळिसाव्या पानावर चोर कळला! पुस्तक दोनशे पानांचं. म्हणजे रहस्य कच्चं आहे असंच लिहायला हवं ना? पण माझ्या मुलीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही आणि ती "पुढचा भाग कधी येणार" म्हणून डोकं खातेय. मी खरं काय मानू?

मुलीचं माना. थट्टा नाही, खरंच.

तुम्हाला चाळिसाव्या पानावर चोर कळला तो कशावरून, हे आधी स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर असं असतं की "तो जरा जास्तच गोड बोलत होता" नाहीतर "त्या माणसाचं गोष्टीत दुसरं काही कामच नव्हतं, मग लेखकाने आणला कशाला." हा काही क्लूवरून काढलेला निष्कर्ष नव्हे. हा तुम्ही आयुष्यभर वाचलेल्या रहस्यकथांचा अनुभव बोलतोय, लेखक लोक कसं वागतात त्यावर तुम्ही लावलेली ती पैज आहे. मुलीकडे तो साठा नाहीये, तिला गोड बोलणारा माणूस गोडच वाटतो, आणि पुस्तक तिच्यासाठी लिहिलंय. म्हणून मोठ्या माणसाने किती लवकर ओळखलं हे मुलांच्या रहस्यकथेचं माप होऊच शकत नाही.

मग माप कुठलं? माझ्या मते एकच, पुस्तक दुसऱ्यांदा वाचा. चोर माहीत असताना, हातात पेन्सिल घेऊन. पहिलं वाचन वाचकाचं असतं, रिव्ह्यू खरा सुरू होतो तो दुसऱ्या वाचनात. कंटाळा येईल असं वाटतं पण येत नाही, उलट चांगलं पुस्तक असेल तर दुसऱ्यांदा जास्त मजा येते कारण आता लेखक हात कुठे हलवतोय ते दिसतं. तीन प्रकारच्या खुणा करा. क्लू पहिल्यांदा पानावर कधी आला, गोष्टीतल्या मुलाने तो कधी पकडला, आणि या दोन्हींच्या मध्ये लेखकाने आपलं लक्ष कुठे वळवलं.

उदाहरण देते, माझंच रचलेलं. एक पाहुणा म्हणतो की मी या घरात आयुष्यात पहिल्यांदा येतोय. रात्री दिवे गेलेत, मुलं वर निघालीत आणि तो पाठीमागून हळूच म्हणतो, "जपून रे, तिसरी पायरी करकरते, आजी जागी होईल." वाचताना आपण म्हणतो की किती काळजी घेणारा माणूस. आणि लगेच पुढच्या ओळीत वरून काहीतरी पडल्याचा आवाज येतो, सगळे पळतात, आपण पण त्यांच्याबरोबर पळतो आणि पायरी मागेच राहते. शंभर पानांनी मुलगी विचारते, "पहिल्यांदा आलात तर कुठली पायरी करकरते हे कसं कळलं?" हा क्लू उजेडात ठेवलेला आहे, नऊ वर्षांच्या पोराला समजण्यासारखा आहे, त्यासाठी विषाची नावं नकोत की कायद्याची कलमं नकोत. असा एक जरी सापडला तरी रिव्ह्यूत छातीठोकपणे लिहा की लेखक प्रामाणिक आहे. पायरीचा उल्लेख मात्र करायचा नाही हं, "उत्तर तुमच्या डोळ्यांसमोरच असतं" एवढंच.

आता उलट. शेवटच्या चॅप्टरमध्ये डिटेक्टिव्ह म्हणतो, "मी काल गुपचूप जाऊन याच्या पेटीत बघितलं होतं", आणि ते बघणं आपल्याला कधी दाखवलेलंच नाही. ही फसवणूक आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्लिश लेखकाने, धर्मगुरू होते ते, रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला एक हाच, की डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकासमोर ठेवलाच पाहिजे. दुसरा, गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच कुठेतरी दिसायला हवा. तिसरा, डिटेक्टिव्हला निव्वळ योगायोगाने मदत मिळता कामा नये. तसं त्यात एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या नाहीतर भुयारं नकोत असाही नियम आहे, तो मुलांच्या पुस्तकांना लावायला गेलात तर अर्धं कपाट रिकामं होईल, तेव्हा तो सोडून द्या. पण योगायोगाचा नियम जरूर लावा, कारण मुलांच्या रहस्यकथेतला सगळ्यात आळशी प्रकार म्हणजे मुलं खिडकीखाली लपतात आणि चोर आतमध्ये आपला सगळा प्लॅन मोठ्याने, क्रमवार, जणू त्यांच्यासाठीच बोलून दाखवतात. असं एकदा झालं तर ठीक, सिरीजच्या प्रत्येक भागात होत असेल तर रिव्ह्यूत ते लिहायलाच हवं.

दोन जुनी पुस्तकं सांगते. एक म्हणजे डोनाल्ड सोबोल यांची 'एन्सायक्लोपीडिया ब्राऊन' ही सिरीज, १९६३ ला सुरू झाली. छोट्या छोट्या केसेस, आणि उत्तरं पुस्तकाच्या मागे. म्हणजे लेखक सरळ म्हणतो की जे लागतं ते सगळं तुला दिलंय, आता थांब आणि डोकं चालव. प्रामाणिकपणाची याहून सोपी परीक्षा नाही.

दुसरं एरिश केस्टनर यांचं जर्मन पुस्तक, 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज', तेही १९२९ चंच. गुपित न फोडायचा वरचा नियम मीच मोडायला नको म्हणून सांगते, वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. एमिल एकटाच ट्रेनने बर्लिनला निघालाय, आईने दिलेले पैसे खिशात, चोरी होईल या भीतीने तो पैशांचं पाकीट टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. वाचताना ती फक्त एका घाबरट पोराची काळजी वाटते. पैसे जातात, चोर कोण हे लपवलेलंही नाही, प्रश्न असतो तो सिद्ध कसं करायचं हा. शेवटी बँकेत एमिलला आठवतं, नोटांना टाचणीची भोकं असणार! पहिल्या वाचनात जी टाचणी स्वभाव दाखवते ती दुसऱ्या वाचनात पुरावा होते. चांगला क्लू म्हणजे काय हे विचारणाऱ्या माणसाला मी एवढंच दाखवते.

तर तुमच्या रिव्ह्यूत असं लिहा, "मोठ्यांना लवकर कळेल, माझ्या घरच्या दहा वर्षांच्या वाचकाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि परत मागे जाऊन बघितलं तर सगळे क्लू जागेवर होते", किंवा नव्हते, जे असेल ते. दोन्ही वाचकांचं काम झालं.

प्रश्न : रिव्ह्यूबरोबर कव्हरचा फोटो टाकायचा, मागचा मजकूर पण कॉपी करायचा, यात काही प्रॉब्लेम?

कव्हरचा नाही सहसा, मागच्या मजकुराचा आहे. तो लिहिणाऱ्याला पुस्तक खपवायचं असतं, त्यामुळे अर्ध्या पुस्तकापर्यंतची गोष्ट तो बिनधास्त सांगून मोकळा होतो. माझा आपला ढोबळ नियम असा की पहिल्या चतुर्थांशात जे घडतं त्यापलीकडचं सांगायचं नाही, मग ते मागच्या कव्हरवर छापलेलं का असेना. आणि आतली चित्रं बघून घ्या. पान उलटायच्या आधीच शेजारच्या पानावर चोर खिडकीतून उतरताना काढलाय असे प्रकार असतात, किंवा अनुक्रमणिकेतल्या चॅप्टरच्या नावातच उत्तर. हे दिसलं तर जरूर टीका करा, पण "चित्र ६ बघू नका" असं लिहू नका, सगळे आधी तेच बघतील.

प्रश्न : मी वाचतोय त्या सिरीजमध्ये प्रत्येक भागाची केस सुटते पण नायकाचे बाबा कुठे गायब झालेत हे सहा भाग झाले तरी कळत नाही, प्रत्येक वेळी शेवटच्या पानावर एक चिठ्ठी येते आणि पुस्तक संपतं. मला हा पुढचा भाग विकण्याचा धंदा वाटतो. स्टार कापू का?

कापा, पण चिठ्ठी आली म्हणून नका कापू. सिरीजमध्ये दोन रहस्यं चालू असतात, एक या भागाचं आणि एक सगळ्या भागांचं, आणि पहिलं याच भागात सुटायला पाहिजे हा वाचकाशी केलेला करार आहे. चोरी कोणी केली ते सांगायचं सोडून लेखक "उत्तर पुढच्या भागात" म्हणत असेल तर तो करार मोडला, तिथे हवं तेवढं झापा. मोठं रहस्य लांबलं तर लांबू दे.

फक्त बघा की ते हलतंय का. सहाव्या भागाच्या शेवटी बाबांबद्दल आपल्याला पाचव्यापेक्षा एक तरी नवीन आणि खरी गोष्ट कळली का? कळली असेल, म्हणजे ते जिवंत आहेत किंवा स्वतःहून गेले होते असं काही, तर गोष्ट पुढे सरकतेय. आणि प्रत्येक वेळी तीच गूढ चिठ्ठी, तेच "लवकरच भेटू", तर लेखकाकडे उत्तर तयार नसावं असा संशय मलाही येईल. तसा संशय आला तर तो संशय म्हणूनच लिहा हं, सिरीज संपलेली नाही, उद्या त्याने सातव्या भागात सगळे धागे जुळवून दाखवले तर? म्हणून चालू सिरीजचा रिव्ह्यू लिहिताना "आत्तापर्यंत" हा शब्द हाताशी ठेवावा. "आत्तापर्यंत बाबांचा धागा ढिला वाटतो." पूर्ण सिरीजवर निकाल द्यायची घाई नको, पण या भागावर द्यायला कचरायचंही नाही.

प्रश्न : प्रत्येक भागात तेच. सुट्टी लागते, मुलं कुठेतरी जातात, मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, शेवटी पोलीस शाबासकी देतात. मुलं मोठी पण होत नाहीत! हे "तोचतोचपणा" म्हणून लिहिलं तर मुलगा म्हणतो, "पण मला तेच आवडतं." काय करू?

मुलगा बरोबर आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'चे २१ भाग आले, पहिला १९४२ ला आणि शेवटचा १९६३ ला. एवढ्या सुट्ट्या खरोखर मोजल्या तर ती पोरं केव्हाच नोकरीला लागली असती, पण कुठल्या वाचकाला त्याचं पडलंय? ओळखीची माणसं ओळखीच्या सवयींसकट परत भेटतात, ही तर सिरीजची गोडी. आपल्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने 'ट्टॉक्' केलंच नाही असा भाग आला असता तर मुलांनी तक्रारच केली असती. मुलांना आराखडा तोच हवा असतो, आणि त्यात या वेळी काय घातलंय ते बघायची उत्सुकता असते.

त्यामुळे "सुट्टी, प्रवास, चोर, शाबासकी" यावर टीका करून काही हाती लागत नाही. टीका करायची तर दुसरीकडे करा. उत्तर काढायची युक्ती तीच आहे का? म्हणजे तीन भागांत तिन्ही वेळा चोर पायाच्या ठशावरूनच सापडला का? चोर नेहमी नव्याने आलेला अनोळखी माणूसच का? हे दुसऱ्या-तिसऱ्या भागात मुलांच्याही लक्षात येतं आणि मग ती नव्या पाहुण्याचं नाव वाचलं की पुस्तक मिटतात, कारण आता रहस्य उरलंच नाही. आणि कोडं सोडवतं कोण तेही बघा, टीममध्ये चार पोरं असतील आणि प्रत्येक वेळी एकच हुशार, बाकीचे नुसते "अरे बापरे" म्हणायला, तर तो दोष आहे, फॉर्म्युल्याच्या नावाखाली तो खपवून घेऊ नका.

हो, आणि सिरीज बदलतही असते. सत्यजित राय यांचा बंगाली डिटेक्टिव्ह फेलूदा पहिल्यांदा आला १९६५ मध्ये, 'संदेश' मासिकात. पण ज्या जटायूशिवाय आज फेलूदाची कल्पनाच करवत नाही तो विनोदी रहस्यकथालेखक आला १९७१ च्या 'सोनार केल्ला'त. म्हणजे पहिल्या काही गोष्टींवरून "यात हसायला कमी आहे" असं कुणी म्हटलं असतं तर त्या वेळेपुरतं ते चूकही नव्हतं. नवीन भाग आला की बघा, कोणी नवीन आलंय का, आणि त्याच्या येण्याने जुन्यांचं बोलणं बदललंय का. रिव्ह्यूत लिहायला हा भाग फार छान असतो आणि त्यात काही फुटतही नाही.

प्रश्न : लहानपणी जीव की प्राण असलेली जुनी रहस्यमालिका मुलांबरोबर पुन्हा वाचतेय. आता लक्षात येतंय की गुन्हेगार नेहमी काळासावळा, गरीब, परक्या भाषेत बोलणारा, चेहऱ्यावर व्रण असलेला. प्रेमापोटी गप्प बसू की लिहू?

लिहा ना. प्रेम असलं म्हणून काय झालं. आणि हा प्रश्न नुसता भावना दुखावण्याचा नाहीये, रहस्यकथा म्हणूनसुद्धा ते वाईट लिखाण आहे. ज्या पुस्तकात व्रण दिसला की चोर ठरला, तिथे क्लूची गरजच काय? लेखकाने कामचुकारपणा केलाय आणि त्याची किंमत एका अख्ख्या समाजाला मोजायला लावलीय.

फक्त हातात कुठली एडिशन आहे ते तपासून लिहा, कारण इथे मोठा घोटाळा होतो. 'नॅन्सी ड्र्यू' ही मुलगी-डिटेक्टिव्हची अमेरिकन सिरीज १९३० ला सुरू झाली, कव्हरवर नाव कॅरोलिन कीन, पण ते टोपणनाव, त्यामागे वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलंय. १९५९ पासून जुने भाग नव्याने लिहायला घेतले, असली चित्रणं काढायची म्हणून, आणि सोबत चॅप्टर कमी केले, सोळा वर्षांची नॅन्सी अठराची झाली, काही भागांची तर कथाच बदलली. नाव तेच! दोन माणसं एकाच नावाच्या पुस्तकावर भांडतायत आणि दोघांनी वाचलंय वेगवेगळं, असं सहज होऊ शकतं. ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'ची भाषा प्रकाशकाने २०१० मध्ये आजच्या मुलांसाठी म्हणून बदलली, वाचकांना ती रुचली नाही आणि २०१६ मध्ये जुन्या मजकुराकडे परत जायचं ठरलं. म्हणजे सगळंच बदललेलं चांगलं असंही नाही. तुम्ही काय वाचलं, कुठल्या सालची एडिशन, ते एका ओळीत लिहा आणि मग मोकळेपणाने मत मांडा.

प्रश्न : ताई, मी सहावीत आहे. बाईंनी रहस्यकथेचा रिव्ह्यू लिहायला सांगितलाय. मला पुस्तक आवडलं पण मध्ये खूप बोअर झालं, असं लिहिलं तर चालतं का? आणि मी ज्याला चोर समजत होते तो चोर निघालाच नाही, ते लिहिलं तर सगळे हसतील ना?

अगं चालतं म्हणजे काय, धावतं! पण नुसतं "बोअर झालं" लिहून सोडू नकोस, कुठे झालं ते शोध. नकाशाचं वर्णन फार लांबलं का? का मुलं नुसती बोलत बसली होती आणि काही घडतच नव्हतं? ते पान नंबरासकट सांग. बऱ्याच मोठ्या लोकांना एवढं पण जमत नाही, ते "मध्यंतरी कथानक रेंगाळते" असं भारदस्त लिहितात आणि कुठे ते सांगतच नाहीत.

आणि चोर चुकला ते तर नक्की लिही. हसतील कशाला? तुला चुकीच्या माणसाकडे न्यायला लेखकाने केवढी मेहनत घेतलीय, ती फुकट गेली नाही एवढंच त्यातून कळतं. नाव मात्र लिहू नकोस, कारण तू नाव लिहिलंस की वाचणाऱ्याला कळलं ना, हा माणूस चोर नाही. असं लिही, "मी एका माणसावर पक्का संशय घेतला होता, त्याच्या चपलांना चिखल होता म्हणून, आणि मी साफ फसले." हां, चपलांचा चिखल पण ओळखू येत असेल तर तो पण काढ. तुला फसवलं गेलं तेव्हा राग आला की मजा आली, हे सांगायला विसरू नकोस. राग आला असेल तर का, लेखकाने काही लपवलं होतं का, की तुझंच लक्ष नव्हतं? परत जाऊन ते पान बघ. बाकी तुझी भाषा छान आहे, "सदर पुस्तक अतिशय बोधप्रद आहे" असलं काही घालू नकोस.

आता भराभर चार.

आधीचे भाग न वाचता सहाव्याचा रिव्ह्यू लिहिला तर? लिहा, फक्त पहिल्याच ओळीत सांगून टाका. उलट सिरीजच्या पंख्यापेक्षा तुम्हीच चांगलं सांगू शकाल की नव्या वाचकाला इथे घुसता येतं का, नावं डोक्यावरून जातात का. पण मग "पात्रं नीट रंगवलेली नाहीत" असं म्हणू नका, ती कदाचित पहिल्या भागात रंगवून झाली असतील.

लेखिका ओळखीच्या आहेत, पुस्तक त्यांनीच भेट दिलंय. तसं लिहा. लपवलंत आणि नंतर कळलं तर तुमच्या खऱ्या कौतुकावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कितव्या वर्षापासून वाचायला द्यावं हे कसं ठरवायचं? नुसता आकडा लिहिण्यापेक्षा आत काय आहे ते सांगा. कुणी मरतं का, मरतं तर पानावर दिसतं का, मुलांना कोंडून ठेवलंय का, कुत्र्याला काही होतं का. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, माणूस पळवला तर चालतं पण कुत्रा जखमी झाला की रात्रभर न झोपणारी मुलं भरपूर असतात. आईवडिलांना आपलं मूल माहीत असतं, ते ठरवतील.

पुढच्या भागात काय होणार याचा माझा अंदाज रिव्ह्यूच्या शेवटी लिहू का? वेगळा लिहा, वर मोठ्या अक्षरांत सूचना देऊन. अंदाज चुकला तर काही बिघडत नाही. पण तो बरोबर निघाला, तर पुस्तक यायच्या आधीच तुम्ही ते फोडलेलं असेल, आणि तेव्हा पहिल्या प्रश्नातले ते वाचक तुम्हालाही सुनावायला येतील.